पाऊण तोळ्याची थरथर: गाडीचं फ्लायव्हील हलकं करताना नेमकं काय होतं

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण धुळ्याला माहेरी आली. तिला घेऊन भाचा त्याच्या जुन्या मारुती एस्टीममधून चाळीसगावहून आला होता. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला, सगळे आडवे झाले, आणि हा मला हाताला धरून अंगणात घेऊन गेला. म्हणाला, "मामा, गाडी पयस भारी, पन थरथरी राहिनी." म्हणजे पळते भारी, पण थरथरते आहे.

बॉनेट उघडायच्या आधीच त्याने कबूल केलं की दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गावात त्याने फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या शाफ्टच्या) टोकाला बसवलेलं जड चाक, कापून हलकं करून घेतलं होतं. आठ किलोचं सहा किलोवर आणलं होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला पिकअप खरंच वाढला होता. पण आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा चार हजारांवर गेला की गिअरचा दांडा, आरसा आणि पायाखालचे पेडल एकदम झिणझिणायला लागत. मी गाडी जागेवरच न्यूट्रलला ठेवून रेस दिली. थरथर तशीच. म्हणजे टायर किंवा व्हील बॅलन्सिंगचा यात काही संबंध नव्हता. गाडी उभी असताना आरपीएमबरोबर येणारी थरथर इंजिन, फ्लायव्हील आणि क्लच यांच्यातच शोधायची असते.

मी आयुष्याची तीसेक वर्षं लेथवर काढली. जळगावच्या डाळ मिलचे शाफ्ट, विहिरींवरच्या इंजिनांची चाकं, ट्रॅक्टरची फ्लायव्हीलं, सगळं हाताखालून गेलं. त्यामुळे भाच्याची अपेक्षा होती की मामा पाच मिनिटांत सांगेल. समजावायला अख्खी दुपार गेली. हा प्रश्न मला इतरही पोरं विचारतात, म्हणून त्या दुपारी जे बोललो ते इथे नीट मांडतो आहे.

कडबा कुट्टीचं चाक

हाताने फिरवायचं कडबा कुट्टीचं यंत्र आठवा. मोठं बिडाचं चाक आणि त्याच्या आऱ्यांवर बसवलेली पाती. सुरुवातीला ते हलवताना दम लागतो. एकदा गती घेतली की पातं कडब्यात घुसतं, चाक किंचित मंदावतं, पण अडकत नाही. तुमचा हात सतत जोर लावत असतो आणि कापायचं काम मात्र तुकड्या-तुकड्याने होतं. मधल्या रिकाम्या वेळात तुम्ही लावलेला जोर ते चाक स्वतःत साठवतं आणि पात्याला गरज पडली की एकदम देतं. आजीच्या टकळीची चकतीसुद्धा हेच काम करायची. चकती काढून टाका, टकळी दोन गिरक्यांत थांबेल.

इंजिनात हेच उलट्या बाजूने घडतं. तिथे काम सलग चाललेलं असतं, जोर मात्र झटक्यांनी येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोटाचा धक्का मिळतो. राहिलेल्या दीड फेरीत त्याला हवा ओढायची असते, दाबायची असते आणि जळलेला धूर बाहेर फेकायचा असतो, आणि या तिन्ही कामांना शक्ती खर्च होते. विहिरीवरची जुनी लिस्टर पद्धतीची एक सिलिंडरची इंजिनं मिनिटाला 650 फेऱ्यांनी चालायची, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच धक्के. दोन धक्क्यांमधली पोकळी भरून काढायला त्यांना दोन्ही बाजूंना मोठाली जड चाकं लागायची. ती चाकं नसती तर इंजिन पुढचं दाबणं पूर्ण करण्याआधीच थांबलं असतं.

चार सिलिंडरच्या गाडीत दर अर्ध्या फेरीला एक धक्का येतो. तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर धक्के होतात. इतके जवळजवळ, की चाक हलकं असलं तरी चालून जातं. पण स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, आठशे आरपीएमला, हेच धक्के सेकंदाला सत्तावीसपर्यंत उतरतात. फ्लायव्हीलची खरी गरज तिथे असते. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

मोटारीतलं फ्लायव्हील ऊर्जा साठवण्याशिवाय आणखी तीन कामं करतं. त्याच्या एका तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. त्याच्या कडेवर रिंग गिअर, म्हणजे दातांची कडी, तापवून चढवलेली असते, तिच्यात स्टार्टरचा दात अडकतो. आणि क्लच घसरताना जी उष्णता तयार होते, ती बरीचशी हेच बिडाचं चाक पिऊन घेतं. जाता जाता एक गंमत सांगतो. चार सिलिंडरचं इंजिन बंद करताना कुठल्या तरी सिलिंडरच्या दाबासमोर अडतं आणि बहुतेक वेळा ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी थांबतं. म्हणून जुन्या रिंगचे दात समोरासमोरच्या दोनच पट्ट्यांत झिजलेले दिसतात. स्टार्टर नुसताच गरगरतो आणि गाडी थोडी ढकलली की लागते, त्याचं हेही एक कारण असतं.

वजन किती यापेक्षा वजन कुठे

फिरत्या वस्तूला गती द्यायला किती जोर लागेल हे तिच्या वजनावर ठरतं, आणि ते वजन मध्यापासून किती लांब आहे याच्या वर्गावर ठरतं. याला फिरतं जडत्व म्हणू. अंतर दुप्पट झालं की तेच वजन चौपट जड वागतं. कडेवरचा एक किलो आणि मध्याजवळचा एक किलो तराजूत सारखेच दिसतात, क्रँकला मात्र ते सारखे लागत नाहीत.

भाच्याच्या चाकासारखंच एक चाक हिशोबाला घेऊ: आठ किलो, 28 सेंटिमीटर व्यासाची सपाट तबकडी. यातले दोन किलो मध्यापासून 12 सेंटिमीटरवरून, म्हणजे जवळजवळ कडेवरून काढले, तर वजन पाव भागाने कमी होतं आणि फिरतं जडत्व मात्र सदतीस टक्क्यांनी घटतं. तेच दोन किलो मध्यापासून पाच सेंटिमीटरवरून काढले तर जडत्व सहा-सात टक्केच कमी होतं. म्हणून "किती किलो कमी केलं" हा प्रश्न मी ऐकून सोडून देतो आणि "कुठून काढलं" हे आधी विचारतो. मध्याजवळ, बोल्टच्या भोवती, धातू काढून मिळत काहीच नाही आणि चाकाचा सगळ्यात नाजूक भाग पातळ होतो.

पॉवर वाढत नाही, मग पिकअप कुठून येतो?

फ्लायव्हील हलकं करून इंजिनची पॉवर अर्ध्या घोड्यानेही वाढत नाही. पेट्रोल तेवढंच जळतं, हवा तेवढीच आत जाते. फरक एवढाच की इंजिन वेग घेत असताना त्याच्या शक्तीतला जो वाटा स्वतःचं चाक फिरवण्यात जात होता, तो कमी होतो. गाडी एकसारख्या वेगाने चालली असेल तर तो वाटा शून्यच असतो. म्हणून टॉप स्पीड बदलत नाही आणि हायवेवर ऐंशीने चाललेल्या गाडीला चाक आठ किलोचं आहे की सहाचं, हे कळतही नाही.

गिअरनुसार हा वाटा किती बदलतो ते बघा. पहिल्या गिअरला गाडीचं चाक एकदा फिरतं तेव्हा इंजिन साधारण 14 वेळा फिरतं असं धरू. गाडीच्या चाकाचा वेग जितका वाढतो त्याच्या चौदा पट वेग फ्लायव्हीलला घ्यावा लागतो. शिवाय फ्लायव्हीलचा विरोध गिअरमधून गाडीच्या चाकांपर्यंत येताना पुन्हा चौदा पट होऊन येतो. चौदा गुणिले चौदा म्हणजे 196. गाडीच्या चाकाची त्रिज्या 28 सेंटिमीटर धरली, तर कडेवरून काढलेले ते दोन किलो पहिल्या गिअरला 72 किलोंसारखे वागतात. म्हणजे गाडीतून एक धडधाकट माणूस उतरवल्यासारखं.

दुसऱ्या गिअरला, इंजिनच्या 7.6 फेऱ्या धरून, हा आकडा 21 किलोवर येतो, म्हणजे रावेरकडचा केळीचा एक घड. तिसऱ्याला दहा किलो. पाचव्याला तीन किलो, म्हणजे भरताच्या वांग्यांची एक पिशवी.

माणूस बसलेली ही गाडी आणि तिचं मूळ फ्लायव्हील यांचा मिळून पहिल्या गिअरला जो भार होतो, त्यात दोन किलोच्या कापणीने साधारण सहा टक्के फरक पडतो. पाचव्याला पाव-अर्धा टक्का. पहिल्या गिअरमध्ये आपण असतो तीन-चार सेकंद. भाच्याला जो पिकअप जाणवला तो खरा होता, त्याच्या मनाचा खेळ नव्हता, पण तो त्या तीन-चार सेकंदांचा होता. ऑटोक्रॉससारख्या वळणावळणांच्या शर्यतीत, जिथे दर वळणाला पहिला-दुसरा गिअर पडतो, तिथे या सेकंदांची किंमत मोठी असते. गिअर बदलतानाही आरपीएम पटकन खाली येतो, त्यामुळे सरावलेल्या ड्रायव्हरचे गिअर जलद आणि मऊ पडतात. धुळे-जळगाव रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही.

त्याला मिळतो तो तोटा. आठशे आरपीएमला आपल्या मूळ फ्लायव्हीलमध्ये जेमतेम 280 ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे 28 किलोची गोणी मीटरभर उचलण्याइतकी. सहा हजारांवर त्याच चाकात 15 हजारांहून जास्त ज्यूल साठतात, ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्या हजार किलोच्या गाडीत असतात तितके. वेग साडेसात पट आणि साठा छप्पन्न पट. स्लोवरचा साठा मुळातच तुटपुंजा असतो आणि त्यातूनच आपण सदतीस टक्के काढून टाकतो. मग क्लच सोडताना जरा चूक झाली की गाडी बंद. एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्लो डगमगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, एसी बंद ठेवून चालत नाही. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढताना पुढे वाहनं अडकली की चढावर थांबून थांबून निघावं लागतं. तिथे हलक्या चाकाची गाडी जास्त रेस आणि जास्त हाफ क्लच मागते. आणि ती जास्तीची उष्णता प्यायला आता आठऐवजी सहाच किलो बीड शिल्लक असतं.

म्हणून केळी वाहणारी पिकअप, गावोगाव भरून जाणाऱ्या जीप, ट्रॅक्टर यांच्या फ्लायव्हीलला हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. नांगराचा फाळ कडक ढेकळात अडकतो तेव्हा ट्रॅक्टरला तारून नेतं ते त्याचं जड चाकच. डिझेलला तर हे दुप्पट लागू आहे. त्याचे धक्के मोठे असतात, चाक हलकं झालं की तेच धक्के गिअरबॉक्सच्या दातांवर खडखडतात आणि क्रँकला पीळ देतात.

तोळ्याचा हिशोब

भाच्याच्या गाडीची थरथर मात्र चाक हलकं झाल्यामुळे आलेली नव्हती. ते तोललं नव्हतं, हे तिचं कारण होतं. सगळी चर्चा "किती किलो काढले" यावर होते आणि ज्याने इंजिनचं आयुष्य ठरतं ते तोलणं कुणी विचारतही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समजा चाकाच्या एका बाजूला, मध्यापासून 12 सेंटिमीटरवर, 10 ग्रॅम जास्त आहेत. जळगावच्या सराफ बाजारातला एक तोळा. स्लोच्या आसपास, हजार आरपीएमला, हा तोळा चाकाला बाहेरच्या बाजूला सव्वा किलोहून थोड्या जास्त जोराने ओढतो. कळतही नाही. तीन हजारांना तोच ओढा बारा किलोंचा होतो. सहा हजारांना 48 किलोंचा. म्हणजे जवळपास सिमेंटची एक गोण, आणि ती एका जागी नाही. क्रँकच्या टोकाला बांधून सेकंदाला शंभर वेळा गोल फिरवल्यासारखी. हा मार क्रँकच्या मागच्या मेन बेअरिंगवर, मागच्या ऑइल सीलवर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर पडतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. भाच्याच्या गाडीची थरथर स्लोवर अजिबात नव्हती आणि चार हजारांनंतर एकदम उसळायची, त्याचं कारण हेच.

मग किती तोल पुरेसा? फिरत्या भागांच्या तोलासाठी आंतरराष्ट्रीय दर्जे ठरलेले आहेत. त्यातला जी 6.3 हा दर्जा फ्लायव्हीलसारख्या भागांना लावतात. त्या दर्जाने सहा किलोच्या आणि सहा हजार आरपीएमला फिरणाऱ्या चाकात 60 ग्रॅम-मिलिमीटर इतकाच असमतोल चालतो. ग्रॅम-मिलिमीटर म्हणजे जास्तीचं वजन गुणिले त्याचं मध्यापासूनचं अंतर. 120 मिलिमीटरवर हे होतात फक्त अर्धा ग्रॅम. सहा किलोच्या बिडात अर्धा ग्रॅम! सोनाराच्या काट्याची नजर लागते ती इथे.

आता लेथवर काय होतं ते पाहा. चाक चकमध्ये धरताना त्याचा मध्य एका कागदाच्या जाडीइतका, 0.1 मिलिमीटर, सरकला आणि तसंच कापून दोन किलोंचं कडं काढलं, तर तेवढ्यानेच 200 ग्रॅम-मिलिमीटरचा असमतोल तयार होतो. मर्यादेच्या तिप्पट. लेथवाल्याच्या डोळ्याला चाक अगदी गोल दिसतं, हाताला गुळगुळीत लागतं. म्हणून चाक बाहेरच्या कडेवर धरून काम भागवू नये. क्रँकवर जो मधला बोअर (चाकाचं मधलं भोक) बसतो त्यालाच डायल, म्हणजे बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून शून्य करायचं आणि मग कट घ्यायचा. आणि इतकं करूनही शेवटी यंत्रावर तोलावंच लागतं. ओतीव बिडात आतून कुठे पोकळी आहे, कुठे घट्टपणा आहे, हे डायल सांगत नाही.

घरगुती पद्धत अनेकांनी पाहिली असेल. फ्लायव्हील एका शाफ्टवर बसवायचं, शाफ्ट दोन समपातळीत ठेवलेल्या धारदार पट्ट्यांवर ठेवायचा आणि सोडून द्यायचं. जड बाजू आपोआप खाली येते, उलट्या केलेल्या सायकलच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली येतो तशी. चाचणी खोटी नाही. पण पट्टी आणि शाफ्ट यांच्या घर्षणात काही ग्रॅम सहज लपून जातात. आपल्याला अर्धा ग्रॅम शोधायचा आहे. मोठी चूक पकडायला ही रीत ठीक, शेवटचा निकाल तिच्यावर सोडू नये.

बॅलन्सिंग यंत्रावर चाक फिरवलं जातं आणि किती ग्रॅम जास्त आहेत, कोणत्या कोनात आहेत, हे पडद्यावर येतं. मग त्या जागी, कडेजवळ मागच्या बाजूने, ड्रिलने उथळ भोक पाडतात. 10 मिलिमीटरच्या ड्रिलने 10 मिलिमीटर खोल गेलं की साडेपाच ग्रॅमच्या थोडं वर बीड निघतं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा पाहायचं. फ्लायव्हील ही पातळ तबकडी असल्याने तिचा तोल एका पातळीत साधला तरी पुरतो. क्रँक लांब असतो, त्याला दोन पातळ्यांत तोलावं लागतं.

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी क्रँक एकटा, मग क्रँकला फ्लायव्हील लावून, मग प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारा भाग) लावून. प्रत्येक पायरीला पंचने खूण करायची, म्हणजे पुन्हा जोडताना तीच भोकं समोरासमोर येतील. निदान फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तरी एकत्र तोलून घ्या. काही इंजिनांत कारखान्यानेच फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेलं असतं, क्रँकचा उरलेला तोल भरून काढायला. अशा चाकाला एकटं घेऊन "बरोबर" केलं तर इंजिनचा तोल बिघडतो. आधी इंजिन कोणतं आहे ते पाहायचं, मग ड्रिल हातात घ्यायचं.

आणि एक गैरसमज. तोल कितीही बारीक केला तरी प्रत्येक थरथर जात नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या चालीमुळे फेरीला दोनदा येणारी एक धडधड असतेच. तीन सिलिंडरचं इंजिन पुढे-मागे डोलतं. ते इंजिनच्या रचनेतच असतं, तिथे फ्लायव्हीलला दोष देण्यात अर्थ नाही.

बीड फुटतं तेव्हा

हा भाग मी भाच्याला आवाज चढवून सांगितला.

बीड दाबाला भक्कम असतं आणि ताणाला कमजोर. बिडाचा तवा हातातून पडला की वाकत नाही, तुटतो. फिरणाऱ्या चाकाची कड सतत बाहेर पळायला बघते, म्हणजे तिच्यात ताणच असतो. 28 सेंटिमीटरच्या चाकाची कड सात हजार आरपीएमला ताशी 370 किलोमीटर वेगाने पळत असते. बारीक कड्याच्या हिशोबाने तिच्यात दर चौरस मिलिमीटरला 75 न्यूटनच्या आसपास ताण येतो. सर्वसाधारण एफजी 200 बीड 200 न्यूटनला तुटतं. कागदावर भरपूर जागा दिसते. पण टूलने काटकोनात सोडलेला धारदार कोपरा, हलकं करायला पाडलेली आरपार भोकं, क्लच जळून निळे पडलेले डाग आणि त्यातल्या केसासारख्या चिरा, या जागी ताण कित्येक पट साठतो. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग, म्हणजे त्याच्याभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच, फोडून बाहेर येतं, आणि ड्रायव्हरचे पाय तिथून हातभर अंतरावर असतात. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये याच भीतीने फ्लायव्हील आणि क्लचसाठी एसएफआय 1.1 हा वेगळा सुरक्षा दर्जा केला गेला आणि त्यावर जाड पोलादी कवच बसवतात.

म्हणून कापायचंच असेल तर इंजिनकडच्या बाजूने, बाहेरच्या भागातून, कोपऱ्यांना गोलाई ठेवून. क्लच बसतो त्या भागाची जाडी आणि रिंग गिअरची बैठक तशीच ठेवायची. आधी डाय पेनिट्रंटने चिरा तपासायच्या. लाल रंग लावून पुसला आणि पांढरी फवारणी केली की चीर लाल रेघेसारखी उमटते. जास्त आरपीएमला शर्यतीसाठी चालवायचं असेल तर बीड कापूच नये, पोलादाचं तयार हलकं फ्लायव्हील घ्यावं. बोल्ट नवे, ठरलेल्या टॉर्कने. क्रँकच्या फ्लँजवर, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं त्या तोंडावर, गंजाचा कणही नको. तिथे चाक 0.05 मिलिमीटर सरकून बसलं तरी सहा किलोवर 300 ग्रॅम-मिलिमीटरचा असमतोल होतो आणि यंत्रावरची सगळी मेहनत वाया जाते.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यात. अनेक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंग आणि दोन वेगळे भाग. त्याला लेथवर कधीही चढवू नये. काही इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खाचाच वाचतो, त्या खाचा गेल्या तर गाडी सुरूच होणार नाही. बीएस-6 गाड्यांचा संगणक क्रँकच्या वेगातली बारीक चढउतार मोजून मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा चुकलेला स्फोट, ओळखतो. चाक हलकं झालं की ही चढउतार वाढते आणि काही बिघाड नसताना चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

भाच्याच्या गाडीचं काय केलं

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. प्रेशर प्लेट कोणत्या कोनात होती याची कुठेही खूण नव्हती. फ्लायव्हीलच्या मागच्या कोपऱ्यात टूलची धार तशीच सोडलेली होती. डाय पेनिट्रंट मारून पाहिलं, चीर नव्हती. ते पाहून मी श्वास सोडला. कोपऱ्याला गोलाई दिली आणि बोअरला डायल लावून चाक सरळ केलं. मग प्रेशर प्लेटसकट बॅलन्सिंग यंत्रावर नेलं. असमतोल निघाला 900 ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे 120 मिलिमीटरवर साडेसात ग्रॅम. पाऊण तोळा. चार हजार आरपीएमला हा पाऊण तोळा सोळा किलोंनी ओढतो. जड बाजूला शेजारी शेजारी दोन भोकं पाडली, साडेसहा-साडेसहा मिलिमीटर खोल, आणि काटा 40 वर आला. दोन्ही भागांवर पंचची खूण केली आणि तिचा फोटो भाच्याच्या फोनमध्ये ठेवायला लावला, पुढच्या वेळी क्लच बदलणारा मिस्त्री कुणीही असो.

रात्री तो धुळे-चाळीसगाव रस्त्यावर चौथ्या गिअरला साडेचार हजारांपर्यंत गेला आणि घरी पोचल्यावर त्याने फोन केला. आरसा स्थिर होता. मग पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन तो औट्रम घाटात गेला, एसी चालू, गाडीत पाच जण, पुढे वाहनांची रांग. चढावर गाडी तीनदा बंद पडली. आता तो जुन्या पार्ट्सच्या दुकानांत आठ किलोचं, न कापलेलं फ्लायव्हील शोधतो आहे. मिळालं की आधी माझ्याकडे आणायचं, चिरा तपासायच्या, तोलायचं आणि मगच चढवायचं, असं ठरलं आहे. सहा किलोचं चाक तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलं आहे, कधी ऑटोक्रॉसला गाडी न्यायची झाली तर.